महसुली निकालावर अपील : एका हक्काचा इतिहास

महसूल खात्याचे मराठी कागद ज्याने एकदा लक्षपूर्वक वाचले त्याला एक गोष्ट जाणवल्याखेरीज राहत नाही. जमाबंदी, तहसील, वसूल, मिळकत, हक्क, वारस, मयत, हरकत, मुदत, दाखला, नक्कल, इनाम, सनद, दप्तर, जप्ती हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत असे मुरले की आज ते परके आहेत असे सांगूनही कोणाला खरे वाटणार नाही. 'अपील' हा शब्द मात्र त्यांच्या पंक्तीत फार उशिरा येऊन बसलेला इंग्रजी पाहुणा आहे. शब्द उशिरा आला, आणि त्या शब्दामागचा हक्कही जमीनधारकाला एकदम व सुखासुखी मिळालेला नाही. महसूल अधिकाऱ्याने जमिनीबाबत दिलेला निकाल अखेरचा मानायचा की नाही, या एका प्रश्नावर या प्रांतात पावणेदोनशे वर्षे कायदे होत आले आहेत. आपल्या समाजातील मशिदींच्या, दर्ग्यांच्या, काझी-खतीब घराण्यांच्या आणि साध्या शेतकरी कुटुंबांच्या जमिनींचे भवितव्य या प्रश्नाशी बांधलेले असल्यामुळे हा इतिहास पालकांनी व विद्यार्थ्यांनी माहीत करून घेणे इष्ट आहे.

इंग्रजांपूर्वी दाद मागण्याची सोय नव्हती असे नाही. वतनाचा किंवा जमिनीचा तंटा गोतसभेपुढे अथवा मजलिशीपुढे चाले, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर होई. जुन्या महजरांवर पाटील-कुलकर्णी, देशमुख-देशपांडे यांच्याबरोबर काझीचा शिक्काही आढळतो. आपल्या गावच्या मंडळींचा भरवसा नसेल तर पक्षकार 'परस्थळ' मागू शके, म्हणजे तंटा दुसऱ्या ठिकाणच्या सभेकडे नेण्याची विनंती करी. शेवटी हुजुरात फिर्याद घेऊन जाण्याचा मार्ग असेच. ही पद्धत सावकाशीची होती आणि वशिल्याला तिच्यात जागा होती, हे कबूल करावे लागेल. परंतु निवाडा करणारे लोक आणि सारा गोळा करणारे लोक नेहमी एकच असत असे मात्र नव्हते.

इनाम जमिनींची परंपराही याच काळातली. आदिलशाही, निजामशाही व मोगल अमलात मशिदीच्या दिवाबत्तीसाठी, दर्ग्याच्या उरुसासाठी, काझी, खतीब व मुल्ला यांच्या चाकरीसाठी जमिनी दिल्या गेल्या. आदिलशाही फर्माने पुष्कळदा फारसी व मराठी अशा दोन्ही भाषांत असत, वर फारसी आणि खाली मोडीतील मराठी. पुढे मराठ्यांच्या राज्यात यांपैकी पुष्कळ इनामे चालू राहिली. शिवाजी महाराजांनी पीर व मशिदी यांची दिवाबत्ती चालविल्याची नोंद सभासद बखरीत आहे, आणि पेशवाईच्या दप्तरात अशा इनामांचे कागद आहेत. दख्खनच्या गावगाड्यात मुलाणा हा बलुतेदारांपैकी एक गणला जाई, हेही येथे लक्षात घ्यावे. तात्पर्य, १८१८ साली पेशवाई संपली तेव्हा दख्खनमध्ये सारामाफीच्या किंवा कमी साऱ्याच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर होत्या आणि त्यांत हिंदू-मुसलमान दोघांच्याही होत्या.

नव्या सरकारला या जमिनी खुपू लागल्या. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक माफी म्हणजे खजिन्याचा तोटा. १८२७ साली एल्फिन्स्टनच्या संहितेतील सतरावे रेग्युलेशन झाले. त्यात माफीच्या हक्काविषयी नियम होते, आणि ते जेथे लागू होते तेथे दिवाणी न्यायालयाचे दार पूर्ण बंद नव्हते. परंतु दख्खन, खानदेश व दक्षिण महाराष्ट्र हा नव्याने जिंकलेला मुलूख. तेथे सरकारला अधिक मोकळे हात हवे होते. १८४३ साली धारवाड-बेळगावकडील इनामांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली गेली, तीच पुढे इनाम कमिशन म्हणून प्रसिद्धीस आली. तिच्या कामाला कायद्याचे अधिष्ठान १८५२ च्या अकराव्या कायद्याने दिले.

या कायद्यातील अपिलाची रचना पाहण्यासारखी आहे. असिस्टंट कमिशनरने इनामदाराला बोलवावे, सनदा तपासाव्यात, निर्णय द्यावा. त्यावर इनाम कमिशनरकडे अपील. त्यावर गव्हर्नर-इन-कौन्सिलकडे अपील. येथे रस्ता संपला. दिवाणी न्यायालयात जाण्यास मज्जाव. वरवर पाहता दोन अपिलांची उदार सोय दिसते. परंतु इनाम नामंजूर झाल्यावर ज्या खजिन्यात सारा जमा व्हायचा त्या खजिन्याचे धनीच शेवटचे न्यायाधीश होते. वादी तेच, पंच तेच. अपील आहे पण त्रयस्थ नाही, अशी ही तऱ्हा. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांतील सगळ्या कायद्यांचे मर्म याच एका उणिवेत आहे असे माझे मत आहे.

दुसरी अडचण कागदांची. हक्क सिद्ध करण्याचा भार इनामदारावर. मूळ सनद कोणी दिली, देणाऱ्याला ती देण्याचा अधिकार होता काय, वहिवाट किती वर्षांची, आज कब्जात असलेला मूळ इनामदारापासून कितव्या पिढीचा, या सगळ्यांची उत्तरे द्यावी लागत. इंग्रजी अमलापूर्वी साठ वर्षांची वहिवाट हा एक महत्त्वाचा मापदंड धरलेला होता. साठ वर्षांपूर्वीचे कागद! ज्या घरांनी लढाया, दुष्काळ, आगी आणि वाळवी पाहिली त्या घरांत किती कागद शिल्लक राहणार? उलट सरकारकडे पेशव्यांचे दप्तर होते. पुण्याचे हे प्रचंड दप्तर इनाम कमिशनच्या ताब्यात आले, आणि इनामदाराचा दावा त्या दप्तरातील नोंदींशी ताडून पाहिला जाऊ लागला. म्हणजे एका बाजूला पेटीतला एक जीर्ण कागद, दुसऱ्या बाजूला हजारो रुमाल. मोडी आणि फारसी जाणणारे कारकूनही सरकारच्याच चाकरीत. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्यासारख्या विद्वानानेही काही काळ या कमिशनात काम केले होते. आज तेच पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात अभ्यासकांना उपलब्ध आहे, आणि ज्या कागदांनी एकेकाळी इनामे गेली त्याच कागदांच्या आधारे आज काही संस्था आपला हक्क शाबीत करतात. इतिहासाची अशी उलटापालट अधूनमधून होत असते.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब. १८५२ च्या कायद्याला जोडलेल्या नियमांत मशिदी, देवळे व तत्सम संस्थांसाठी स्वतंत्र तरतूद होती. ज्या संस्थेचे कायम स्वरूप निर्विवाद आहे तिच्या खर्चासाठी असलेली जमीन कायमची चालू ठेवावी, मूळ देणगीत 'कायम' असा शब्द नसला तरी चालू ठेवावी, असा तो नियम होता. व्यक्तीच्या नावच्या इनामाला हे संरक्षण नव्हते. ते पिढ्या मोजून चाले आणि पिढ्या संपल्या की संपे. त्यामुळे सगळा निकाल एका शब्दावर येऊन ठेपे. सनदेत काय लिहिले आहे? 'मशिदीच्या दिवाबत्तीबद्दल' की अमुक काझी बिन अमुक यास 'इनाम'? जुन्या काळी लिहिणाऱ्याच्या मनात हा फरक नव्हता. मशिदीची सेवा करणारे घराणे आणि मशीद ही त्याला एकच वाटत, म्हणून त्याने घराण्यातील कर्त्या पुरुषाचे नाव घातले. नव्या कायद्याने त्या नावाला वेगळाच अर्थ दिला. जमीन मशिदीची म्हटली तर घराण्याचा हक्क जातो, घराण्याची म्हटली तर संरक्षण जाते, अशा पेचात अनेक कुटुंबे सापडली. आणि काही कुटुंबांनी या संदिग्धतेचा स्वतःच्या लाभासाठी उपयोगही केला, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मशिदीची जमीन पुढे खाजगी होऊन विकली गेल्याची जी उदाहरणे गावोगाव सांगितली जातात त्यांतील काहींचे मूळ अशाच नोंदीत असते.

इनाम कमिशनाने दख्खनमध्ये मोठा असंतोष निर्माण केला. १८५७ च्या उठावाच्या कारणांत त्याची गणना इतिहासकार करतात. १८५८ च्या मे महिन्यात नरगुंदच्या संस्थानिकांनी बंड केले व पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला. त्या बंडाचे मुख्य कारण दत्तक नामंजूर होणे हे होते, पण हा मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनात काम केलेला अधिकारी होता, ही गोष्ट लोक विसरले नव्हते.

सरकारने धडा घेतला. १८६३ साली दोन कायदे झाले, दख्खन-खानदेशसाठी दुसरा आणि कोकण-गुजरातसाठी सातवा. यांना समरी सेटलमेंटचे कायदे म्हणतात. फार खोलात न शिरता सांगायचे तर सरकारने तडजोड केली : सनदांची चिकित्सा नको असेल तर आकाराचा काही भाग जुडी म्हणून आणि थोडा नजराणा द्या, व जमीन वंशपरंपरा भोगा. पुष्कळांनी ते पत्करले. धर्मसंस्थांच्या जमिनी मात्र त्या कार्यातून बाहेर हस्तांतरित होऊ नयेत असा निर्बंध राहिला, आणि तो पुढे फार उपयोगी पडला.

तरीही मूळ प्रश्न उरलाच. कलेक्टरने एखादी जमीन सरकारी ठरविली आणि वरच्या अधिकाऱ्यांनी ते उचलून धरले, तर त्यापुढे काय? १८७६ चा मुंबईचा रेव्हेन्यू ज्युरिस्डिक्शन ॲक्ट हा या बाबतीतील मैलाचा दगड आहे. त्याचा हेतू सरकारच्या सोयीचा होता. सारा किती आकारावा, वतनाचे काय करावे, अशा अनेक बाबी त्याने दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेल्या. परंतु जेथे दिवाणी दावा चालतो तेथेही त्याच्या अकराव्या कलमाने एक अट घातली : महसूल अधिकाऱ्याच्या कृतीबद्दल सरकारवर दावा लावण्यापूर्वी, कायद्याने जी जी अपिले उपलब्ध आहेत आणि दाव्याच्या मुदतीत करता येण्यासारखी आहेत ती सगळी केल्याचे वादीने सिद्ध केले पाहिजे. ही अट प्रथमदर्शनी जाचक वाटते. तिच्यामुळे कित्येकांचे खरे दावे फेटाळले गेले, कारण त्यांनी मामलेदाराच्या हुकुमावर रागावून थेट कोर्ट गाठले होते. पण तिच्यातच हेही गृहीत धरलेले आहे की महसूल खात्यातील शेवटचे अपील म्हणजे वादाचा शेवट नव्हे. १८५२ साली गव्हर्नरच्या कौन्सिलपाशी जो रस्ता संपत होता तो १८७६ साली, अरुंद का होईना, पुढे न्यायालयापर्यंत गेला.

यानंतर १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा आला आणि तो सुमारे ८८ वर्षे चालला. १५ ऑगस्ट १९६७ पासून त्याची जागा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने घेतली. आजचा सामान्य शेतकरी ज्या नियमांखाली वावरतो ते या संहितेत आहेत, म्हणून त्यांतील दोन-तीन गोष्टी थोड्या विस्ताराने सांगतो.

एखाद्या जमिनीवर सरकारचा हक्क की खाजगी व्यक्तीचा, असा वाद उपस्थित झाला तर कलम २० प्रमाणे कलेक्टर चौकशी करून निर्णय देतो. तो निर्णय मान्य नसेल तर महसूल खात्यात अपील करता येते आणि शेवटी दिवाणी न्यायालयात दावाही लावता येतो. परंतु दाव्याला मुदत फक्त एक वर्षाची. हे वर्ष मूळ हुकुमाच्या तारखेपासून मोजतात. मात्र अपील केलेले असेल तर शेवटच्या अपिली अधिकाऱ्याच्या हुकुमापासून मोजतात. यातील मेख पाहा. ज्याने अपील केले त्याचे वर्ष पुढे सरकले. ज्याने 'साहेबांना भेटून बघू' म्हणत वर्ष घालविले त्याचा कोर्टाचा हक्कही गेला, मग त्याच्या पेटीत बादशाही फर्मान का असेना. पक्षकाराला हुकुमाची रीतसर नोटीस मिळालेली असली पाहिजे, एवढे संरक्षण कायद्याने ठेवले आहे.

अपिलाच्या मुदतीही ठरलेल्या आहेत. कलेक्टरच्या हाताखालील अधिकाऱ्याच्या हुकुमावर ६० दिवस, इतर बाबतींत ९० दिवस. हुकुमाची नक्कल मिळविण्यात गेलेला काळ या दिवसांतून वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज ज्या दिवशी दिला त्याची पोच जपून ठेवावी. मुदत उलटली तरी सबळ कारण दाखविल्यास अपील दाखल करून घेण्याचा अधिकार वरिष्ठाला आहे, पण 'मला कायदा माहीत नव्हता' हे सबळ कारण समजले जात नाही. अपील चालू असताना हुकुमाच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळू शकते. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. अपील दाखल केले म्हणजे सगळे जिथल्या तिथे थांबले, असा समज करून घेऊन घरी बसलेले आणि मागाहून मोजणीदार शेतात उभा पाहिलेले लोक थोडे नाहीत.

आता उताऱ्याविषयी. आपल्या लोकांची सातबाराच्या उताऱ्यावर जेवढी श्रद्धा आहे तेवढी कायद्याचीही नाही! गावच्या हक्कनोंदणीची पद्धत या प्रांतात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली आणि १९१३ साली ती १८७९ च्या कायद्यात समाविष्ट झाली. तिचा उद्देश सरकारने साऱ्यासाठी कोणाकडे पाहावे हे निश्चित करण्याचा. नोंद खरी आहे असे कायदा गृहीत धरतो, पण ती खोटी आहे असे सिद्ध होईपर्यंतच. नोंदीने मालकी जन्माला येत नाही आणि नोंद नसल्याने मालकी मरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांतून सांगितले आहे.

हा भेद सर्वांत जास्त कोणाला भोवतो? आमच्या मुलींना. बाप वारला की वारसनोंदीचा अर्ज थोरला मुलगा देतो. तलाठी फेरफार लिहितो. कित्येक उताऱ्यांवर थोरल्याच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरे दिसतात, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मुसलमानांच्या वारसा कायद्यात एकत्र कुटुंब ही कल्पनाच नाही. माणूस मरण पावताक्षणी त्याच्या प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा ठरतो. उदाहरणार्थ, पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी मागे राहिली तर जमिनीचे ४० भाग कल्पावेत : पत्नीला ५, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. यांपैकी पत्नीचे ५ आणि मुलीचे ७ असे १२ भाग त्या तीन अक्षरांखाली दडपले जातात. १९३७ च्या शरीअत कायद्याच्या शब्दांतून शेतजमीन वगळलेली आहे, असा मुद्दा वकील पुढे करतात. पण त्याचा अर्थ इतकाच की मुलींना हिस्सा न देण्याची रूढी आहे असे जो म्हणेल त्याने ती रूढी पुराव्याने शाबीत करावी. नुसते 'आमच्यात देत नाहीत' हे पुरावा होत नाही. आणि दीन पाळणाऱ्याने तसे म्हणावे, हे नवलच.

फेरफाराची नोंद झाली की तलाठ्याने हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली की प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत जाते आणि दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. त्यावर प्रांताधिकाऱ्याकडे अपील, व पुढे वरचे टप्पे. सासरी दूर गावी असलेल्या बहिणीला नोटीस मिळालेली नसते आणि अनेकदा तिच्या नावे 'हरकत नाही' असा जबाबही कागदावर असतो. तिने हे समजताच फेरफाराची नक्कल काढून अपील करावे. पण तेवढ्यावर थांबू नये. हिस्सा किती आणि तो कोणाचा, हे अखेर दिवाणी न्यायालयच ठरविणार, आणि तेथील हुकूमनाम्याप्रमाणे उताऱ्यात बदल करणे महसूल खात्यावर बंधनकारक राहील.

महसूल अधिकाऱ्याने मालकीच्या प्रश्नात किती शिरावे, याविषयी १८७९ च्याच कायद्याखालील एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तो गुजरातचा, पण कायदा मुंबईचा. राजकोट येथील एका जमीनधारकाला कलेक्टरने २ जुलै १९६० रोजी जमीन बिनशेतीकडे लावण्याची परवानगी दिली.  नगरपालिकेने जमिनीवर स्वतःचा हक्क सांगून तक्रार केली आणि कमिशनरने आपल्या फेरतपासणीच्या अधिकारात १२ ऑक्टोबर १९६१ रोजी ती परवानगी रद्द केली. म्हणजे सव्वा वर्षाने. हायकोर्टाने कमिशनरचा हुकूम रद्द ठरविला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९६९ साली सरकारचे अपील फेटाळले गेले. न्यायालयाने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, फेरतपासणीला कायद्यात मुदत लिहिलेली नसली तरी ती वाजवी काळातच झाली पाहिजे, आणि अशा परवानगीच्या बाबतीत वाजवी काळ म्हणजे काही महिने. दुसरी, कमिशनरने आपल्या निर्णयाची कारणे दिली पाहिजेत. तिसरी, कब्जेदाराच्या मालकीबद्दल गंभीर वाद असेल तर अधिकाऱ्याने पक्षकारांना योग्य न्यायालयाकडे पाठवावे, मालकीचा प्रश्न स्वतःच कब्जेदाराविरुद्ध सोडवू नये. ज्या प्रश्नाचा निकाल १८५२ साली इनाम कमिशनर बिनदिक्कत देत होता त्याला हात लावू नये, असे ११७ वर्षांनी देशातील सर्वोच्च न्यायपीठाने त्याच्या वारसाला सांगितले.

मराठवाड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे निजामाच्या राज्यातील अतियात इनामे होती, आणि दर्गे-मशिदींची सेवा करणाऱ्यांना 'खिदमत माश' जमिनी दिलेल्या होत्या. त्यांची चौकशी १९५२ च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याखाली महसूल खात्याच्याच न्यायपीठापुढे होई. तरीही त्या कायद्याने एक गोष्ट बाजूला काढली : वारसा, औरसपणा, तलाक असे जातीय कायद्याचे प्रश्न आले आणि त्यांवर दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा झाला, तर तो अतियात निर्णयावर वरचढ ठरेल. खिदमत माश जमीन ही सेवेसाठी असते, सेवेकऱ्याच्या मालकीची नसते, या मुद्द्यावर तिकडे आजही पुष्कळ प्रकरणे चालतात. दिवाबत्ती की घराणे, हा जुना पेच तेथे नव्या वेषात उभा आहे. पश्चिम महाराष्ट्रात जातीची, म्हणजे व्यक्तिगत, इनामे १९५२ च्या कायद्याने नष्ट झाली, तेव्हाही धर्मसंस्थांची इनामे त्यातून वगळली होती. त्यामुळे सनदेतील तो एक शब्द पुन्हा शंभर वर्षांनी उघडून पाहावा लागला.

आणि अगदी अलीकडे हाच प्रश्न साऱ्या देशापुढे आला. २०२५ च्या वक्फ सुधारणा कायद्यात अशी तरतूद झाली की एखादी वक्फ म्हणविणारी मिळकत सरकारी आहे असा प्रश्न निघाला तर कलेक्टरहून वरच्या दर्जाच्या नियुक्त अधिकाऱ्याने चौकशी करावी. त्याचा अहवाल येईपर्यंत ती मिळकत वक्फ समजू नये. आणि अहवाल सरकारच्या बाजूचा असेल तर महसुली कागदांत दुरुस्ती व्हावी. या कायद्याला आव्हान देणाऱ्या अर्जांवर १५ सप्टेंबर २०२५ रोजी, त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने अंतरिम आदेश दिला. संपूर्ण कायद्याला स्थगिती देण्याचे पीठाने नाकारले, नोंदणीची सक्तीही कायम ठेवली. परंतु मालकीचा निर्णय महसूल अधिकाऱ्याकडे सोपविणे हे न्यायसंस्था व कार्यकारी सत्ता यांच्या विभागणीशी विसंगत आहे, असे म्हणून अहवाल येईपर्यंत वक्फपण थांबविणारी आणि अहवालावरून कागद बदलणारी पोटकलमे तात्पुरती स्थगित केली. वक्फ न्यायाधिकरणापुढे कलम ८३ खाली मालकीचा निकाल लागेपर्यंत, आणि त्यावरील हायकोर्टातील अपिलाच्या निकालाच्या अधीन राहून, वक्फचा कब्जा काढू नये व महसुली नोंदीही बदलू नयेत, असे त्या आदेशात आहे. तेवढ्या काळात त्या मिळकतीत मुतवल्लीलाही तिऱ्हाइताचा हक्क निर्माण करता येणार नाही, असेही त्याच आदेशात म्हटले आहे.